प्रिंटरचं हेड अन् बैहरच्या पोरी

६ सप्टेंबर

पुन्हा लाल तुटला. सकाळी प्रिंटरची टेस्ट पट्टी काढली तं लाल रेघा अर्ध्या गायब, दात पडलेल्या फणीसारख्या. काल संध्याकाळी धडधाकट होत्या. म्हणजे रात्री पुन्हा मेन स्विच पडला.

मामाजीले, माह्या सासऱ्याले, किती खेपा सांगतलं. फोटोचा प्रिंटर आहे तो, पंखा नाई. त्याच्या अंगावरच्या बटणानं बंद केला की शाई सोडणारं हेड आपलं आपलं सरकून उजव्या कोपऱ्यात जाऊन बसते, खालून रबराची टोपी लागते, तोंड बंद. शाई वाळत नाई. पण शेवटचा फोटो बाहेर पडला न पडला की भिंतीवरचा मेन खाली पाडला, तं हेड मधातच उघडं राहते अन् सकाळपर्यंत त्याच्या केसाएवढ्या भोकांमधली शाई घट्ट होऊन जाते. एवढीच गोष्ट आहे. पण फोटो मोठे करायच्या एनलार्जरच्या जमान्यात एकदा डार्करूमची वायर जळली होती, तवापासून देवाजवळ दिवा लावायचा अन् मेन पाडायचा, असा या दुकानाचा नेम. नेम म्हटलं की झालं.

"काही हरकत नाई मामाजी," असं म्हटलं मी. तोंडानं म्हटलं.

क्लीनिंग दिली. एका क्लीनिंगले किती शाई फुकट जाते ते मलेच माहीत. पट्टी बरी आली.

९ सप्टेंबर

पितृपक्ष. गेलेल्या माणसांचे जुने फोटो मोठे करायले लोक येऊन राह्यले. कोणाच्या आजीचा आधारकार्डावरचा फोटो, कोणाच्या बापाचा लग्नाच्या गर्दीतला, त्यातून कापून काढायचा, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा. दिवसभर मशीन चालली त्याच्यानं पट्टी साफ. चालती असली की तिले काही होत नाई. बसवून ठेवली की बिघडते.

दुपारी माहे दीर, प्रमोद भाऊजी, टेप घेऊन आलते. प्रिंटरचं टेबल मोजलं. काय करून राह्यले, विचारलं.

"कुछ नहीं भाभी. बस देख रहा हूँ. मोबाइल का काउंटर यहीं बैठेगा."

घरात आईबापाशी मराठीत बोलणारा माणूस, दुकान बळकावताना याले हिंदी सुचते. फोटो गोंदियाच्या लॅबमधून आणायचे म्हणे, सगळे तसंच करतेत, प्रिंटर ठेवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. हत्ती कोण पोसते, त्याची लीद कोण काढते, हे विचारायचं राह्यलं.

हे मोबाइलात डोकं घालून होते. "पाहू," म्हणले. माह्या नवऱ्याचा अर्धा संसार या एका शब्दावर चालला आहे.

१३ सप्टेंबर

बैहरले जाऊन आली. सकाळची बस, घाटात दोनदा थांबली. तिकडच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम. प्रत्येक पोरीचा एकेक फोटो, मोठा, चांगल्या कागदावर, दिवाळीच्या सुट्टीत घरी न्यायले. वॉर्डन मॅडम स्वतः दुकान शोधत आलत्या मागच्या महिन्यात. मागच्या वर्षी कोणाकडून तरी काढून घेतले होते तं लॅबवाल्यानं सगळ्या पोरी गोऱ्या करून पाठवल्या. "सबको आटा लगा दिया था," म्हणल्या. "लड़कियाँ अपना फोटो पहचान नहीं रही थीं."

व्हरांड्यात चादर बांधली, सावलीतला उजेड चांगला मिळाला. पन्नासेक पोरी असतीन. जंगलातल्या गावांच्या. बऱ्याच जणींचा हा पहिलाच फोटो, म्हणजे आधारचा सोडून. कोणी तांबूस सावळी, कोणी निळसर काळी, दोघी सख्ख्या बहिणी पण रंग एक नाई. आठवीतली एक सोनकली. तिनं विचारलं, "हँसूँ कि नहीं?" म्हटलं, तेरी मर्जी. नाई हसली. सरळ पाहत राह्यली भिंगात. फार भारी फोटो आला.

येताना बसमध्ये बरं वाटत होतं. असं दिवसभर आपल्या कामात राहणं मले किती दिवसांनी मिळालं.

१६ सप्टेंबर

सोनकलीचा टेस्ट प्रिंट काढला. तिसऱ्या खेपेले बरोबर उतरली. काळ्या रंगाच्या माणसाचा फोटो काळ्या शाईनं होत नाई, हे लोकायले सांगून पटत नाई. आतून लाल पायजे, फिका लाल पायजे, तवा चेहरा जिवंत दिसते. लाल कमी पडला की माणूस हिरवट, मेल्यासारखा.

कागद संपला. तोच मॅट कागद नागपूरचा दुकानदार दसऱ्याच्या आसपास पाठवतो म्हणाला. दुसरा वापरणार नाई मी.

रात्रीच्या जेवणात भाऊजीनं पुन्हा काउंटर काढला. मंग यायनं, माह्या नवऱ्यानं, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बैहरचं काम वेळेत अन् चांगलं झालं तं प्रिंटर राह्यते. नाई झालं तं प्रमोद म्हणते तसं करू."

"अन् मी?" विचारलं.

"तू काय, तू घरी आराम कर ना आता."

आराम. लग्न होऊन आली तवा हे दुकान पासपोर्ट फोटोवर चाललं होतं. फोटो दुरुस्त करणं मी शिकली, रंग मी शिकली, हेड खोलून साफ करणं मी शिकली, कोणी शिकवलं नाई. अन् आता आराम कर. भाजी वाढत होती, वाढत राह्यली. यायले थोडी जास्तच वाढली.

मले दुकान पायजे. हे एकदा कुठंतरी लिहून ठेवते.

२२ सप्टेंबर

घट बसले. मेन स्विचवर चिकटपट्टी लावली अन् त्याच्यावर कागद, "कृपया प्रिंटरचे बटण आधी बंद करावे". कृपया लिहिलं. संध्याकाळी चिकटपट्टी काढून, घडी करून गल्ल्यात ठेवलेली सापडली. मामाजी म्हणले, देवाच्या दिवसात स्विचले असं बांधून ठेवू नाई.

भांडणार कोणाशी. ते रागावतही नाईत. शांतपणे आपलंच करतेत.

२८ सप्टेंबर

नवरात्रात गिऱ्हाईक कमी. सगळे गरब्यात, मोबाइलवर फोटो. म्हणून मी नेम केला, एक दिवसाआड एक रंगीत पट्टी काढायची, सहा रंगांची, म्हणजे प्रत्येक नळीतून शाई वाहती राहते. याही घरात मी एक नेम करून पाहते.

आज यायले शिकवलं. बटण, मेनू, पट्टी. पाहून घेतलं, मुंडी हलवली.

"समजलं का?"

"हौ वं, लहान पोट्टा आहे का मी."

३० सप्टेंबर

आज अष्टमी. सकाळी अडचण आली. नेमकी आज.

या घरात अजूनही चार दिवस बाजूले बसावं लागते. मागची खोली, वेगळी चटई, वेगळं ताट. दुकानात तं पायच नाई ठेवायचा, तिथं देव्हारा आहे. वयाच्या या टोकाले आली, माही पोरगी हॉस्टेलात शिकून राह्यली, तिले मी फोनवर सांगते की असलं काही मानू नको, अन् स्वतः चटईवर. दर महिन्याले यायच्या भरोशावर दुकान सोडते. त्या वेळी गिऱ्हाईक राहते, मशीन चालत राहते, निभून जाते. पण आता सण.

यायले दारातूनच सांगतलं, "आज पट्टी काढा, परवा एक काढा. विसरू नका."

"हौ हौ."

सासूबाई पाणी दुरून ठेवून गेल्या. वाईट बाई नाईत. पण दुरून.

२ ऑक्टोबर

दसरा. सगळे सोनं वाटून राह्यले बाहेर. मी मागच्या खोलीत, नखं कापली, ही वही भरून राह्यली.

यायले खिडकीतून विचारलं, "पट्टी काढली का?"

"अवं काल नवमी होती. मशीनची पूजा. पूजेची मशीन चालवतेत का?"

"अन् परवा?"

"परवा बाबा म्हणले, अष्टमीपासून विसावा द्यायचा."

म्हणजे तीन दिवस एक थेंब नाई वाहला. बाहेर ऊन असं की दोरीवर टाकलेलं लुगडं हातात घेईपर्यंत वाळते. मी विचारलं, पूजेच्या वेळी बटणानं बंद केली होती ना मशीन? म्हणले, ते बाबायनं पाहलं सगळं.

मामाजीनं पाहलं. मंग झालं तं.

४ ऑक्टोबर

डोक्यावरून पाणी घेतलं अन् तशीच ओल्या केसांनी दुकानात गेली. प्रिंटरवर झेंडूचा हार, झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, पुढं सुकलेला नारळ. चांगलं दिसत होतं, खोटं काहून बोलू. मशीन चालू केली. घरघर झाली नेहमीपेक्षा जास्त. पट्टी काढली.

लाल नाई. एक रेघ नाई. फिका लाल अर्धा. पिवळा तुटका.

क्लीनिंग दिली, तसंच. पुन्हा दिली, होता तो फिका लालही गेला. तिसरी दिली नाई. वरचेवर क्लीनिंग दिली की नुसती शाई खालच्या स्पंजात जाते अन् हेड तापते, हे मागं एकदा नुकसान करून शिकली आहे. काही तास थांबायचं असते. थांबली. दुकानात बसून नारळाकडं पाहत होती.

संध्याकाळी पुन्हा शून्य. नागपूरचा कागद येऊन पडला आहे. पोरींची सुट्टी अठरा तारखेपासून.

५ ऑक्टोबर

कंपनीच्या फोनवर बाई म्हणाली, "मैडम, हेड क्लीनिंग कर लीजिए." केली. "एक बार और कर लीजिए." मंग म्हणाली हेड बदलावं लागेल, मेकॅनिक जबलपूरहून येईल, तारीख सांगता येत नाही. "और कोई सहायता?" आधी कोणती केली होती ते विचारलं. फोन कटला.

भाऊजी येऊन गेले. टेबलावर बोटांनी ताल धरला फक्त. बोलले असते तं बरं झालं असतं.

७ ऑक्टोबर

आज जे झालं ते सगळं लिहिते.

मेडिकलमधून इंजेक्शनचं पाणी आणलं अन् सुई नसलेली सिरिंज. नळाचं पाणी चालत नाई, त्यात क्षार राहतेत, तेच भोकात जाऊन बसतेत. मशीन चालू केली, हेड मधात आलं तशी वायर काढली, म्हणजे कोपऱ्यातली टोपी उघडी पडते. ही माही नेहमीची रीत. टोपीत थेंब थेंब पाणी सोडलं अन् काडीले टिश्यू गुंडाळून पुसायले लागली. टिश्यू लाल आला. वाटलं शाईच. पण शाई ओल्या टिश्यूवर गुलाबी पसरते, हे पसरेना. बोटावर घेतलं तं खरखरीत. दुसऱ्या बाजूनं पुसलं तं पिवळं. मंग रबराच्या कडेतून टिश्यूले चिकटून एक तांदळाचा दाणा आला.

मी तो दाणा हातावर घेऊन उठली.

मामाजी काउंटरवर पेपर वाचत होते. त्यायच्या पुढं हात केला. "हे काय आहे मामाजी?"

चश्मा नीट करून पाहलं. "अक्षत."

"मशीनच्या आत कशी गेली?"

"गेली कशी? वाहली. नवमीले. तू हेड मधात आणून वायर काढतं ना साफ करताना, तसंच केलं मी. मशीन लावली, हेड सरकलं, मेन पाडला. मंग त्याचं आसन दिसते कोपऱ्यात. तिथं हळदकुंकू वाहलं. बाहेरून झाकणाले बोटं लावणं म्हणजे पूजा नाई होत."

म्हणजे मले पाहून शिकले. अन् मंग हेड तसंच उघडं सोडलं, दसरा होईपर्यंत, विसावा म्हणून. रबराच्या कडेवर कुंकू बसलं तं टोपी बसणार कशी, ती शाई ओढणार कशी, हेड आल्यागेल्याले तेच कण तोंडावर फिरवत राहणार. अन् मी वरून क्लीनिंगवर क्लीनिंग दिली.

म्हटलं, "एनलार्जरच्या भिंगाले लावत होते का तुम्ही कुंकू?"

"भिंग म्हणजे डोळा. डोळ्यात कोणी कुंकू घालते का." एकदम सरळ उत्तर. त्यायच्या हिशोबानं सगळं बरोबरच केलं त्यायनं.

"मामाजी, मी असती तं हे होऊ दिलं नसतं."

"तू नव्हती ना."

"मी काहून नव्हती?"

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, तेही पाहायले लागलं. मामाजीनं पेपर उचलला, पुन्हा ठेवला. मी म्हटलं, चार दिवस ज्या बाईले तुम्ही मशीनजवळ येऊ देत नाई, ती मशीन तिच्याशिवाय कोणाले चालवता येत नाई, हे तुमाले माहीत आहे, भाऊजीले माहीत आहे, सगळ्यांले माहीत आहे. आवाज चढला माहा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

ते उठले, चप्पल घातली, घरी गेले.

८ ऑक्टोबर

यायनं सकाळी म्हटलं, "तसं बोलायले नको होतं. म्हातारा माणूस आहे."

म्हटलं, म्हातारा माणूस आहे म्हणून मेन पाडते, म्हातारा माणूस आहे म्हणून अक्षता वाहते, अन् तुम्ही? तुम्ही तं म्हातारे नाई. एक बटण दाबायचं होतं.

"पूजेत कसं दाबणार?"

काही उपयोग नाई.

मामाजी आज दुकानात आले नाईत. मले वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण राग जास्त आहे, त्याच्या खाली ते दबून राह्यलं.

११ ऑक्टोबर

टोपी साफ, रबर साफ, हेड पुसणारी पट्टी साफ. टिश्यूची घडी इंजेक्शनच्या पाण्यात ओली करून हेडखाली ठेवते, हेड त्याच्यावर बसवते, चार तास सोडते. काढली की घडीवर रंगाचे पट्टे. आधी लालाच्या जागी नुसता ओला डाग होता. आज गुलाबी रेघ दिसली, बारीक.

सिरिंजनं जोर करायचा मोह होते. करायचा नाई. जोरानं आतला पडदा फाटते. हळू, थेंबानं. हात हळू अन् डोकं तापलेलं, अशी बसली होती.

पट्टीवर लालाच्या अर्ध्या रेघा आल्या.

१३ ऑक्टोबर

पट्टी चांगली होऊन राह्यली. पाऊण आली. उद्या परवा पूर्ण येईल असं वाटते. खुशीत होती. तं संध्याकाळी हे म्हणाले, "तू टेंशन घेऊ नको. काम झालं."

कोणतं काम?

बैहरच्या फोटोंच्या फाइली यायनं अन् भाऊजीनं गोंदियाच्या लॅबले पाठवून दिल्या. परवाच. मले न विचारता, माह्या कॉम्प्युटरवरून. उद्या येतेत छापून.



१४ ऑक्टोबर

आले. पाकीट फोडलं. सगळ्या गोऱ्या. नुसत्या गोऱ्या नाई, गाल घासून काढल्यासारखे, ओठ गुलाबी. दोघी बहिणी एका रंगाच्या. सोनकली सापडेना. फाइलचा नंबर पाहून काढली. तिची ती सरळ नजर, तीही कशी तरी मऊ केली.

भाऊजी म्हणले, "कितनी सुंदर लग रही हैं. और क्या चाहिए?"

म्हटलं, "तुमच्या आईचा फोटो असा आणून दाखवला, तं ओळखसान का?"

"भाभी, ये तो गाँव की लड़कियाँ हैं, खुश हो जाएँगी."

पाकीट बंद करून त्यायच्या हातात दिलं. म्हटलं, घ्या, मोबाइलच्या काउंटरवर लावा. मी हे कोणाले देणार नाई. मॅडमले फोन केला की शुक्रवारपर्यंत थांबा, शनिवारी सकाळी मी स्वतः घेऊन येते. बोलून बसली. आता झालंच पायजे.

१५ ऑक्टोबर

पट्टी पूर्ण. सहाही रंग, एक रेघ तुटली नाई. तीनदा काढून पाहली.

सोनकली काढली पहिल्यांदा. बरोबर तीच.

उद्या अन् परवा, दोन दिवस दिवसभर छापलं तं होते. मॅट कागदाले वेळ लागते, एकामागून एक घालावा लागते, वाळू द्यावा लागते.

१६ ऑक्टोबर

सकाळी न्हाणीतच समजलं. पुन्हा अडचण. महिनाही झाला नाई. या वयात असंच होते म्हणे, कवाही येते.

दारावर हात ठेवून उभी राह्यली. आज बाजूले बसली तं सोमवारपर्यंत दुकान नाई. पोरी शनिवारी जातीन. हे छापतीन का? एक पट्टी नाई काढली. मुकाट्यानं जाता आलं असतं, कोणाले समजलं नसतं. सासूबाईले एखादवेळेस समजलं असतं, त्यायचं लक्ष राहते.

पण चोरून काहून जाऊ. मी काही चोरी करून नाई राह्यली.

सासूबाई चहा गाळत होत्या. म्हटलं, "आई, मले आली. अन् मी दुकानात चालली."

गाळणी तशीच राह्यली हातात. "अवं, दुकानात देव आहे."

"देव तिथंच राहीन. मी मशीनजवळ बसीन."

"तुह्या मामाजीले काय सांगू?"

"हेच सांगा."

दुकान उघडलं, मशीन लावली, पट्टी काढली, साफ. संध्याकाळपर्यंत निम्म्या पोरी झाल्या.

दुपारून मामाजी आले. त्यायले समजलं होतं, चेहऱ्यावरून दिसलं. उंबऱ्याच्या आत आले नाईत. बाहेर पायरीवर बसले, रस्त्याकडं तोंड करून, सायंकाळपर्यंत. गिऱ्हाईक आलं तं तिथूनच म्हणत, "आज काम बंद आहे." आतून मशीनचा आवाज येऊन राह्यला अन् हे म्हणून राह्यले काम बंद आहे. मले हसूही आलं अन् डोळ्यात पाणीही आलं. दोन्ही रागानंच.

१७ ऑक्टोबर

झाले. शेवटचा पाच वाजता निघाला. पाठ मोडली, पोट दुखून राह्यलं, गोळी घेतली.

हे चारच्या सुमारास आले. मले वाटलं समजावायले आले. दारात थांबले जरा, बाहेर आजही पायरीवर बसलेल्या आपल्या बापाकडं पाहलं, मंग आत येऊन कटर घेतला अन् कडा कापायले बसले. कडा बाकी सरळ कापल्या. पाकिटावर पोरींची नावं मी लिहिली.

घरी ताट वेगळं होतं. सासूबाईनं दुरून ठेवलं, पण भाजीवर तूप घातलं होतं. याचा काय अर्थ लावायचा मले समजत नाई.

१८ ऑक्टोबर

पहिल्या बसनं बैहर. अंगणात पेट्या बांधून पोरी तयार, काहींचे बाप न्यायले आलेले. मॅडमनं एकेकीचं नाव घेऊन दिलं. कोणी तोंडावर हात ठेवून हसते, कोणी दुसरीचा ओढून पाहते. दोघी बहिणी आपापले फोटो बाजूबाजूले धरून पाहत होत्या.

सोनकलीनं बराच वेळ पाहला. मंग आपल्या बापाले नेऊन दाखवला. तो माणूस फोटोकडं पाहे अन् तिच्याकडं पाहे. मले म्हणाला, "एकदम यही है, बाई." अन् पिशवीतला गमछा काढून त्यात गुंडाळला.

बसमध्ये झोप लागली, वाटेतलं भरवेली गाव कवा गेलं समजलं नाई.

१९ ऑक्टोबर

परवा दुकानात लक्ष्मीपूजन. सकाळी सगळे बैठकीत बसले होते. मी दाराच्या बाहेर, कारण अजून दिवस झाले नाई.

मामाजी म्हणले, मशीन विटाळली. असा दोष घेऊन लक्ष्मीपूजन होणार नाई. तिले दुकानातून काढा. भाऊजी लगेच म्हणाले, एक गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे, आजच उचलतो. किती तत्पर. माह्याकडं कोणी पाहत नव्हतं, फक्त सासूबाई पाहत होत्या.

मी म्हटलं, "काम वेळेत झालं. चांगलं झालं. मॅडमनं शाळेचं बाकीचं काम पण देऊ म्हटलं. सगळ्यांसमोर ठरलं होतं, काम झालं तं प्रिंटर राह्यते."

मामाजी म्हणले, "तसं झालं असतं तं राह्यला असता. असं नाई." मंग, माह्याकडं न पाहता, "फोटो चांगले निघाले म्हणे."

"पाहायचे होते ना मंग," म्हटलं मी. "पायरीवर बसून दिसतेत का."

त्यायनं यायले सांगतलं, "दुकानाची किल्ली आण तिच्याजवळून."

मी मागच्या खोलीत येऊन बसली. किल्ली माह्या कमरेले आहे. हे मागं आले. दारात उभे राहून म्हणले, "बाबा किल्ली मागून राह्यले."

विचारलं, "त्यायले पायजे, का तुमाले पायजे?"

याच्यावर "पाहू" म्हणता येत नाई. हे अजून दारात उभे आहेत अन् मी लिहून राह्यली.